वाचलं नक्की किती जणांनी?

परवा शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसतोय तोच गावाहून काकांचा फोन. काका म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे सेक्रेटरी. नात्याने काका नाहीत, पण अख्खा गाव त्यांना काकाच म्हणतो. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच पोरांनी मिळून वाचनालयातली प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन केली आणि एका छोट्याशा साइटवर टाकली. लॉगिन नाही, पैसे नाहीत, ज्याला हवं त्याने उघडावं, उतरवून घ्यावं.

"अरे, तो आकडा दे बरं जरा. वर्षभरात किती जणांनी पुस्तकं वाचली? देणगीदारांना अहवाल पाठवायचाय."

"देतो काका, पाच मिनिटांचं काम आहे," असं मी म्हणालो. इथेच चुकलो.

पाच मिनिटांत आकडा मिळाला हे खरं. पण तो निघाला सहा आकडी! आमच्या गावाची लोकसंख्याच पाच आकडी. जरा खोलात गेलो तर एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावर एकाच रात्री हजारो डाउनलोड झालेले. पहाटे तीन वाजता मराठी व्याकरणाची एवढी ओढ कोणाला लागली असेल? मग एक चाळणी लावली, आकडा पाच आकडी झाला. दुसरी लावली, चार आकडी. नियम थोडा बदलला की आकडा पुन्हा वेगळा. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एकाच प्रश्नाची चार उत्तरं होती आणि चारही माझ्याच प्रोग्रॅमने काढलेली. काकांना सांगितलं, "उद्या देतो."

आता हा प्रश्न जगात पहिल्यांदा मलाच पडला असेल असं काही नाही. म्हणून शनिवारची रात्र आणि अर्धा रविवार ह्याच वाचनात गेला. त्यातून जो इतिहास हाती लागला तो मला फारच मजेदार वाटला, म्हणून आजचा हा लेख.

देवळाची घंटा

आधी सर्व्हरला काय दिसतं ते बघू. कोणीही एखादी फाइल मागितली की सर्व्हर आपल्या लॉगमध्ये एक ओळ लिहितो: कुठल्या आयपी पत्त्यावरून मागणी आली, किती वाजता आली, कुठली फाइल मागितली, दिली का, आणि किती बाइट्स पाठवले. झालं. ह्या ओळीत माणूस कुठेच नाही. वाचन तर नाहीच नाही.

म्हणजे हे देवळाच्या घंटेचे टोल मोजून किती भाविक आले ते सांगण्यासारखं आहे. बारकी पोरं दहा-दहा वेळा घंटा वाजवतात. काही माणसं बाजूच्या दाराने शिरतात, ती घंटा वाजवतच नाहीत. आणि कधी कधी माकडंसुद्धा वाजवतात. टोल खरे असतात, तेवढं एकच खात्रीने सांगता येतं.

हे लोकांना अगदी सुरुवातीपासून माहीत होतं. १९९५ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन टर्नरने 'अ‍ॅनालॉग' नावाचा लॉग मोजणारा फुकट प्रोग्रॅम लिहिला. पुढे कित्येक वर्षं तो जगभर वापरला गेला. गंमत म्हणजे त्याच्याच माहितीपत्रकात टर्नरने समजावून सांगितलं होतं की मागण्या किती आल्या ते सांगता येतं, माणसं किती आली ते सांगता येत नाही. स्वतःच्याच मालावर एवढी स्पष्ट सूचना छापणारा माणूस विरळाच!

त्याची कारणं सोपी आहेत. मधल्या एखाद्या कॅशने फाइल साठवून ठेवली की पुढचे दहा वाचक मूळ सर्व्हरला दिसतच नाहीत. अख्खं कॉलेज एका प्रॉक्सीच्या मागे असलं की हजार मुलं एकच आयपी होऊन येतात. उलट, ब्राउझरमध्ये एक मोठी पीडीएफ उघडली की ती तुकड्यातुकड्यांनी मागवली जाऊ शकते आणि एकाच वाचकाच्या लॉगमध्ये डझनभर ओळी पडतात (स्टेटस कोड २०६, ज्यांनी लॉग चाळलेत त्यांच्या ओळखीचा!).

आकडा न सांगणारं ग्रंथालय

आता खुल्या डिजिटल ग्रंथालयांमधल्या एका जुन्याजाणत्या नावाकडे वळू: आर्काइव्ह. (जुन्या वेबसाइटी जपून ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह ते वेगळं. ह्याच्या नावातलं एक्स हे अक्षर ग्रीक 'काय' आहे.) पॉल गिन्सपार्ग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १४ ऑगस्ट १९९१ ला ते सुरू केलं. तेव्हा वेब कोणाला माहीत नव्हतं, सगळा कारभार ईमेलवर चालायचा. ईमेलने आज्ञा पाठवायची, पेपर ईमेलने यायचा. वर्षाला शंभरेक पेपर येतील असा गिन्सपार्गचा अंदाज होता. तो अंदाज साफ चुकला. २००१ मध्ये गिन्सपार्ग कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि त्याच्याबरोबर आर्काइव्हही गेलं.

नव्वदच्या दशकात आर्काइव्हच्या प्रती जगभर ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवल्या जायच्या, ज्यांना मिरर म्हणतात. भारतातला मिरर चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत होता. म्हणजे पुण्या-मुंबईच्या संशोधकाने चेन्नईहून पेपर उतरवला की त्याची नोंद चेन्नईच्या लॉगमध्ये, लॉस अलामोसला त्याचा पत्ताच नाही.

शिवाय माकडं होतीच. वेबवरची पानं आपोआप गोळा करणाऱ्या रोबोंनी काय उघडावं आणि काय उघडू नये हे सांगणारी रोबोट्स.टीएक्सटी ही पद्धत मार्टिन कोस्टर ह्याने १९९४ मध्ये सुचवली. पण ती विनंती आहे, कुलूप नाही. न ऐकणाऱ्या रोबोंमुळे आर्काइव्हवाले इतके वैतागले होते की 'रोबोंनो सावधान' अशा मथळ्याचं एक पानच त्यांनी ठेवलं होतं. त्यावर तुमच्या साइटवर उलटा हल्ला सुरू करतो अशी धमकी देणारी एक लिंकही होती. माणूस अर्थातच त्यावर क्लिक करणार नाही. दिसेल त्या लिंकवर क्लिक करणारा रोबो मात्र करणार!

अशा परिस्थितीत आर्काइव्हने एक निर्णय घेतला. महिन्याला एकूण किती डाउनलोड झाले हे ते दाखवत. पण अमुक पेपर किती जणांनी उतरवला, हा आकडा जाहीर करायचा नाही. तांत्रिक कारण वर आलंच आहे: मिरर, कॅश, रोबो ह्या सगळ्यांतून खरा आकडा काढणं कठीण. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. आकडा जाहीर झाला की लोक आकड्यासाठी वागू लागतात.

ही नुसती शंका होती की खरंच असं होतं? त्याचं उत्तर शेजारच्याच घरात मिळालं.

आकडा सांगणारं ग्रंथालय

सोशल सायन्स रिसर्च नेटवर्क, म्हणजे एसएसआरएन, १९९४ मध्ये सुरू झालं. अर्थशास्त्र, कायदा, व्यवस्थापन ह्या विषयांतले पेपर तिथे येतात. (२०१६ मध्ये ते एल्सेव्हियरने विकत घेतलं.) त्यांचं धोरण बरोबर उलटं होतं: प्रत्येक पेपरशेजारी डाउनलोडचा आकडा, शिवाय लेखकांच्या आणि संस्थांच्या क्रमवाऱ्या, शिवाय टॉप टेन याद्या. २००६ मध्ये तर बर्नार्ड ब्लॅक आणि पॉल कॅरन ह्या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या लॉ स्कूल्सची क्रमवारी ठरवताना एसएसआरएनचे आकडे वापरता येतील, असं मांडणारा पेपरच लिहिला.

मग व्हायचं तेच झालं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बेंजामिन एडेलमन आणि इयन लार्किन ह्यांनी एसएसआरएनचे आतले लॉग तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. काही लेखक आपलाच पेपर पुन्हा पुन्हा उतरवून आकडा फुगवत होते. कधी? पेपर टॉप टेन यादीच्या उंबरठ्यावर असला की. आणि आपल्याच विभागातल्या किंवा आपल्याच विषयातल्या बरोबरीच्या लोकांचे आकडे आपल्यापेक्षा बरे दिसू लागले की. ह्यात पैसे मिळत नव्हते बरं का. शेजारच्या केबिनमधल्याचा आकडा मोठा आहे, एवढंच पुरत होतं. आणि हे सगळे शिकलेसवरलेले प्राध्यापक लोक! वर्षअखेरीच्या अप्रेझलसाठी तिकिटं फोडून फोडून संख्या वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये.

नियम करणारे

दरम्यान विद्यापीठांची ग्रंथालयं वेगळ्याच कारणाने वैतागली होती. ती प्रकाशकांना लाखो रुपये देऊन ऑनलाइन जर्नल्स घ्यायची आणि वर्गणीला डाउनलोडच्या संख्येने भागून कुठलं जर्नल परवडतं ते ठरवायची. पण प्रत्येक प्रकाशकाची मोजायची पद्धत निराळी. त्यावर उपाय म्हणून मार्च २००२ मध्ये 'काउंटर' नावाचा उपक्रम सुरू झाला आणि २००३ मध्ये त्यांची पहिली नियमावली आली.

त्यातला एक नियम मला फार आवडला: डबल क्लिकचा. त्याच वाचकाने तीच एचटीएमएल फाइल १० सेकंदांच्या आत पुन्हा मागितली, किंवा पीडीएफ ३० सेकंदांच्या आत, तर दोन्ही मिळून एकच धरायचं. (२०१९ पासून लागू झालेल्या पाचव्या आवृत्तीत सगळ्यांनाच ३० सेकंद.) नेट हळू असलं की आपण वैतागून दोनदा क्लिक करतो ना, त्याचा हा बंदोबस्त.

पण 'तोच वाचक' ओळखायचा कसा? वर्गणीच्या साइटवर निदान लॉगिन तरी असू शकतं. खुल्या ग्रंथालयात बहुतेकदा आयपी आणि ब्राउझरचं नाव एवढंच हातात असतं. आता आमच्या कॉलेजची लॅब डोळ्यांसमोर आणा. साठ मशीन, सगळ्यांवर तोच ब्राउझर, सगळी एकाच प्रॉक्सीमागे. सरांनी फळ्यावर एका पेपरचा पत्ता लिहिला आणि साठ जणांनी एकदम उघडला, तर नियमाप्रमाणे वाचक किती? कदाचित एक! आपल्याकडच्या कॉलेजांतलं वाचन जगाच्या आकड्यांत असं किती वर्षं दबून राहिलं असेल, कोण जाणे.

नियम पाळूनही आकडे कसे वेगळे येतात हे २००६ मध्ये फिलिप डेव्हिस आणि जेसन प्राइस ह्यांनी दाखवलं. त्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि स्वीडनमधल्या ३२ संस्थांचे, सहा प्रकाशकांच्या साइटींवरचे आकडे तपासले. काही साइटींची रचनाच अशी, की आधी एचटीएमएल पान उघडतं आणि मग त्यातून पीडीएफ. म्हणजे एका वाचनाचे दोन आकडे. दुसऱ्या साइटीवर थेट पीडीएफ, तिथे एकच. वाचक तोच, लेखही तेवढाच, पण बटण कुठे ठेवलंय त्यावर 'लोकप्रियता' ठरते.

चाळणीचं गणित

आता रोबोंकडे. २०१६ मध्ये जोसेफ ग्रीन ह्यांनी आयर्लंडमधल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या खुल्या संग्रहाचे डाउनलोड नमुन्यादाखल तपासले. निघालं काय, तर सुमारे ८५ टक्के डाउनलोड रोबोंचे!

तुम्ही म्हणाल, मग रोबो गाळायचे, त्यात काय. तर हे छोटं गणित करून बघा. समजा १००० डाउनलोड झाले. त्यातले ८५० रोबोंचे, १५० माणसांचे. तुमची चाळणी चांगली आहे, १०० तले ९४ रोबो पकडते. म्हणजे ५१ रोबो निसटले. चाळणीने एकाही माणसाला चुकून रोबो ठरवलं नाही असं धरलं, तरी तुमच्या अहवालात २०१ वाचक आले, आणि त्यातला प्रत्येक चौथा रोबो. चाळणी ९४ टक्के अचूक, पण आकडा एक-तृतीयांशाने फुगलेला. कचराच जास्त असला की चांगली चाळणीसुद्धा पुरत नाही.

बरं, चूक एकाच दिशेने होते म्हणाल तर तसंही नाही. बऱ्याच विद्यापीठांनी लॉग मोजायचं सोडून गूगल अ‍ॅनालिटिक्स लावलं. ते पानात बसवलेल्या स्क्रिप्टवर चालतं, आणि स्क्रिप्ट न चालवणारे रोबो त्यातून आपोआप गळतात. छानच की! पण गूगल स्कॉलरवरून येणारा वाचक बऱ्याचदा थेट पीडीएफवर उतरतो. पान उघडतच नाही, स्क्रिप्ट चालतच नाही, वाचक मोजलाच जात नाही. हा बाजूच्या दाराने शिरणारा भाविक. पॅट्रिक ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चार संस्थांचा अभ्यास करून दाखवलं की अशा संग्रहांचा निम्म्याहून जास्त वापर ह्या पद्धतीत नोंदलाच जात नाही. म्हणजे तीच पुस्तकं, तेच वाचक, एका यंत्राने मोजले तर कितीतरी पट, दुसऱ्याने मोजले तर निम्म्याहून कमी.

समजा हेही सगळं निस्तरलं. प्रत्येक क्लिक खऱ्या माणसाचा आहे. मग तरी आकडा पेपरची योग्यता सांगतो का? ह्याचं उत्तर खुद्द गिन्सपार्गनेच शोधलं. आर्काइव्हवर रोजच्या नव्या पेपरांची यादी जमा झालेल्या वेळेप्रमाणे लागायची. त्यामुळे मुदत संपल्याच्या पुढच्याच क्षणी पेपर टाकून दुसऱ्या दिवशीच्या यादीत पहिला नंबर लावायची शर्यत असायची, तत्काळ तिकिटासारखी. असिफ-उल हक आणि गिन्सपार्ग ह्यांनी २००९ मध्ये दाखवलं की खगोलशास्त्रात यादीत पहिल्या आलेल्या पेपरांचे सुरुवातीचे डाउनलोड खालच्यांपेक्षा मध्यकाच्या हिशोबाने ८२ टक्के जास्त होते. त्यातले जे शर्यतीत न उतरता निव्वळ योगायोगाने पहिले आले, त्यांनाही ५३ टक्क्यांचा फायदा झाला होता. वर असणं हीच त्यांची योग्यता!

आणि तरीही

इथवर वाचून वाटेल की मग मोजूच नये. मलाही रविवारी सकाळी तसंच वाटत होतं. पण ह्या गोष्टीला आणखी एक वळण आहे.

जानेवारी २०१० मध्ये कॉर्नेलच्या ग्रंथालयाने जाहीर केलं की आर्काइव्हचा वर्षाचा सुमारे ४ लाख डॉलर्सचा खर्च आता एकट्याने झेपत नाही. पैसे मागायचे कोणाकडे? सर्वात जास्त वापरणाऱ्या २०० संस्थांकडे. संस्थांमधून होणाऱ्या डाउनलोडपैकी ७५ टक्क्यांहून जास्त ह्यांचेच होते. कोण जास्त वापरतं हे कशावरून ठरवलं? डाउनलोडच्या आकड्यांवरून. जे ग्रंथालय एका पेपरचा आकडा सांगायला तयार नव्हतं, त्यालाच विजेचं बिल भरायची वेळ आल्यावर आकडे मांडावे लागले.

मला ह्यात ढोंग वाटत नाही. उलट फरक नीट कळतो. हजारो पेपर आणि अख्खं विद्यापीठ एकत्र मोजलं की थोडेफार रोबो आणि थोडेफार डबल क्लिक ह्यांनी क्रम फारसा बदलत नाही. शिवाय आपला आकडा फुगवला तर आपल्यालाच पैसे भरावे लागणार, मग फुगवेल कोण? तोच आकडा एका माणसाच्या नावापुढे, त्याच्या बढतीपुढे लावला की नासतो. म्हणजे आकडा विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी विश्वासार्ह, हा उरलेला अर्धा.

आणि दिवस आणखी कठीण येताहेत. २०२५ मध्ये खुल्या संग्रहांच्या कोअर ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सदस्यांची पाहणी केली. ६६ संग्रहांनी उत्तरं दिली, आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की एआयसाठी मजकूर ओढणारे आक्रमक बॉट त्यांच्याकडे येतात. बऱ्याच ठिकाणी त्यामुळे सर्व्हर मंदावतात, बंदही पडतात. बॉट जेव्हा घरगुती आयपींवरून येतो आणि साध्या ब्राउझरचं नाव सांगतो, तेव्हा नावांच्या यादीवर चालणारी चाळणी काहीच करू शकत नाही. आमचं पहाटे तीनचं व्याकरणप्रेम कुठून आलं असेल ह्याचा मला आता बराच अंदाज आहे.

असो. रविवारी संध्याकाळी काकांना फोन केला आणि चार आकड्यांपैकी सर्वात लहान सांगितला. पलीकडे शांतता.

"एवढेच?"

मग मी त्यांना रोबो, चाळणी, देवळाची घंटा सगळं ऐकवलं. म्हटलं, "काका, आकड्याखाली एक ओळ लिहा, कसा मोजला त्याची. आणि पुढच्या वर्षी ह्याच पद्धतीने मोजू. मग वाढला की घटला एवढं तरी खरं सांगता येईल. दुसऱ्या वाचनालयाशी तुलना मात्र करू नका, ते कसं मोजतात आपल्याला काय माहीत."

काका हसले. "अरे, आपल्या रजिस्टरवर रोज सह्या होतात, त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला येतात. मी कधी कुणाला बोललोय का त्याबद्दल?"

मी काय बोलणार!

"पण तू म्हणतोस तोच आकडा घालतो. आणि ती ओळ मला लिहून पाठव, माझ्याच्याने नीट जमायची नाही."

ओळ लिहायला अर्धा तास लागला. देणगीदार सहा आकडी आकड्याला जितके भुलले असते तितके ह्या आकड्याला भुलणार नाहीत हे उघड आहे. ह्या वर्षी कदाचित सर्व्हरचं भाडं आम्हा पोरांनाच वर्गणी काढून भरावं लागेल. चालेल. आकड्यातली सगळी माणसं खरीच आहेत अशी खात्री मी आताही देणार नाही, पण तो कसा काढला हे तरी कुणीही विचारलं तर सांगता येईल.